मागच्या सीटवरचं पोतं

आधीच सांगते. हे खरं आहे.

इथे रोज कुणाला तरी पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या आत्याला हडळ भेटते. मला त्यातलं काही दिसलेलं नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की "काहीतरीच काय!" म्हणून उठून जाणारी बाई मी. आजही "भूत असतं" म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण ४ डिसेंबर १९७१, शनिवार, दिवेलागणीची वेळ, कलकत्त्यात डमडमच्या आमच्या क्वार्टरचं दार... तिथे जे झालं ते मी ह्या दोन डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांना थट्टा करायची त्यांनी खुशाल करावी.

माझं नाव लीना. आमचं घर म्हणजे मी, माझे यजमान गुरुदत्त, माझी आई आणि माझा धाकटा भाऊ दिगंबर. आम्ही त्याला दिगू म्हणायचो. यजमानांचं नाव मी एरवी घेत नाही, पण "हे" आणि "ते" करत बसले तर तुमचा गोंधळ होईल.

वडील लवकर गेले. आईने शिवणकाम करून आम्हा दोघांना वाढवलं. तिचा दिगूवर भारी जीव. माझ्यावरही होता, पण दिगूवर जरा जास्तच. मला त्याचा राग नाही यायचा, पोरगा होताच तसा लाघवी.

गुरुदत्त आणि दिगू एकाच कामावर होते. त्या वर्षी पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे येत होते. लढाई होणार हे कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही कळत होतं. आणि शहराबाहेर, मागच्या महायुद्धातली एक जुनी धावपट्टी होती, तिथे एका विमानाच्या चाचण्या चालल्या होत्या. पाण्याला पोट टेकेल इतकं खालून उडत जायचं, बॉम्ब टाकायचे, आणि वर निघायचं, असं छोटं हल्ल्याचं विमान. एकच नग बनला होता. त्याला नावही नव्हतं. सगळे त्याला "नमुना" म्हणायचे.

शोधायला जाऊ नका. तसलं विमान पुढे बनलंच नाही. कुठे सापडणार नाही.

गुरुदत्त इंजिनियर. विमानाचं वजन आणि तोल बघणं हे त्यांचं काम. दिगू उडायचा. पुढच्या सीटवर वैमानिक विनायक, बेळगावकडचा उमदा मुलगा. मागच्या सीटवर दिगू, काटे आणि घड्याळं वाचायला. दोघांच्या मध्ये पत्र्याचा पडदा होता. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं कळायचं नाही, म्हणून त्या दोघांनी एक पद्धत पाडली होती.

विनायकने पुढून पत्र्यावर एकदा ठोकायचं. टक्. म्हणजे, आहेस ना?

दिगूने मागून दोनदा ठोकायचं. टक् टक्. म्हणजे, आहे.

ही सवय दिगूने घरीही आणली. मोरीत तास तास बसायचा मेला. आईने दारावर एकदा ठोकलं की आतून टक् टक्. कधी उशिरा घरी आला की बाहेरून एकदाच ठोकायचा. आई आतून दोनदा ठोकायची, मग कडी काढायची. दोघांचा खेळच झाला होता तो.

मी एकदा विचारलं, "आणि 'नाही' म्हणायचं असलं तर?"

तो हसला. "अगं ताई, नसेन तर ठोकेल कोण? 'नाही'ची खूण लागतेच कशाला?"

ऑगस्टच्या शेवटी तो गेला.

सुंदरबनच्या बाजूला, नदीच्या मुखावर, विमान खाली झेपावताना मागचं काचेचं झाकण उडालं. पट्ट्याची कडी निसटली. विनायकने विमान सांभाळून परत आणलं. उतरल्यावर मागे पाहिलं... सीट रिकामी.

होड्या गेल्या, कोळी गेले. आठ दिवस शोधलं. काही मिळालं नाही.

कालीघाटजवळ राहणारे दत्तात्रय गुरुजी आम्हा मराठी घरांची कार्यं करायचे. त्यांनी आईला हळू आवाजात सांगितलं, "देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात. त्याला अग्नी देतात. त्याशिवाय जीव सुटत नाही, बाई."

आई ताडकन उठली. "माझ्या जिवंत पोराचा पुतळा जाळू? तो पट्टीचा पोहणारा आहे. कुठल्यातरी गावात पडला असेल. येईल तो."

गुरुजी निघून गेले. मी आईला किती समजावलं! भांडलेसुद्धा. माझाही भाऊ होता तो. मला तो सुटलेला बघायचा होता. तो चिखलात, पाण्यात, अडकून पडला आहे ह्या विचाराने माझा घास उतरायचा नाही. आईचं एकच. "येईल तो."

दिवाळी त्या वर्षी आमच्याकडे झालीच नाही. नंतर एका संध्याकाळी गुरुदत्त जेवता जेवता वैतागून बोलले. चाचण्या पुन्हा सुरू करायचा हुकूम आला होता. मागे बसायला माणूस कुणी देत नव्हतं. सीट रिकामी ठेवली तर विमानाचा तोल जायचा, कारण सगळं गणित दिगूच्या वजनावर बांधलेलं होतं. वाळूची पोती बांधून पाहिली, तर ती पट्ट्यातून घसरायची. पोत्याला खांदे कुठे असतात?

आई ऐकत होती. म्हणाली, "मी शिवते."

"काय?"

"माणसासारखं पोतं. त्याचीच उडताना घालायची डांगरी आहे घरात, अंगभर, जाड कापडाची. त्याच्याच मापाचं होईल. निदान तो येईपर्यंत त्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका."

आपण गाडीत रुमाल टाकून जागा धरतो ना? आईच्या मनात तेवढंच होतं. गुरुदत्तांना पोतं हवं होतं. मला वाटलं, शिवू दे, हाताला काम मिळेल, रडणं थांबेल. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही...

की दर्भाच्या पुतळ्याला नाही म्हणणारी बाई वाळूचा पुतळा करते आहे.

तीन दुपारी मशीन चाललं. आईने डांगरीच्या बाह्यांची टोकं शिवली, पायांची टोकं शिवली. आत तागाचं अस्तर घातलं. डोक्याच्या जागी गोल पिशवी. शिवताना ती सारखी पुटपुटत होती, "ये रे बाळा... बस इथे..." बांधकामाची गंगेची वाळू आणून आम्ही ती भरली. गुरुदत्तांनी काट्यावर चढवून दिगूचं वजन बरोबर जुळवलं.

शेजारच्या सरलादी साखर मागायला आल्या. दारातच थबकल्या. बंगालीत म्हणाल्या, "पूजा तर कधीच झाली. ही कुणाची मूर्ती?"

मी म्हटलं, "मूर्ती कसली, पोतं आहे."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "मूर्ती केली तर विसर्जन करायला विसरू नकोस हं," म्हणाल्या, आणि साखर न घेताच गेल्या.

शेवटी आई सुई हातात घेऊन त्या गोल डोक्यासमोर थांबली. "तोंडाचं काय करू?"

गुरुदत्तांना घाई होती. खाली जीप उभी होती. "आई, तोंड कशाला? पोतं आहे ते."

आईने दोरा तोडला.

पहिलं उड्डाण झालं त्या दिवशी विनायक आमच्या घरी आला. चहाचा कप तसाच निवत ठेवून बसला होता. मी म्हटलं, "काय रे, बरं नाही का?"

"वहिनी, सवयीने हात गेला माझा. पत्र्यावर एकदा ठोकलं. लक्षातच नव्हतं की मागे..."

"मग?"

"मागून आलं... टक् टक्."

गुरुदत्त म्हणाले, "पोतं सरकलं असेल."

"दोनदाच? दर वेळेला?" विनायक म्हणाला. "मी सहा वेळा ठोकून पाहिलं, साहेब."

आई देवघरापुढे बसली होती. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. किती महिन्यांनी हसली होती ती!

"बघ," आई मला म्हणाली. "सांगत होते ना मी?"

मग हे रोजचंच झालं. विनायक उडायचा, ठोकायचा, उत्तर यायचं. आधी तो घाबरला होता, नंतर त्याला बरं वाटायला लागलं. "दिगू मागे असला की भीती वाटत नाही, मावशी," असं तो आईला सांगायचा. कपाळ माझं! त्याला कुणी सांगायचं की भीती वाटली पाहिजे म्हणून?

गुरुदत्त मात्र गप्प गप्प व्हायला लागले. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पोत्याचं वजन वाढतंय."

"म्हणजे?"

"जाताना बरोबर असतं. उतरल्यावर जास्त भरतं. ओलं असतं, लीना. चिंब. आणि पाणी..." त्यांनी दार लोटून घेतलं. "पाणी खारट आहे."

मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, ते पोतं काढा. गुरुजींना बोलवू, घाटावर नेऊन अग्नी देऊ, पोराला सोडवू. ते म्हणाले, "सरकारी चाचणी आहे. वर काय सांगू, माझा मेव्हणा पोत्यात शिरलाय? लढाई तोंडावर आलीय. शेवटचं एकच उड्डाण राहिलंय. ते झालं की मी स्वतः पोतं घरी आणतो, तुला काय करायचं ते कर."

आईला मी तेच सांगितलं. हात जोडले तिच्यापुढे. "आई, तो जिवंत नाही गं. जिवंत माणूस वाळूतून टकटक करत नाही. त्याला जाऊ दे."

"तुला भाऊ नकोय," आई म्हणाली. एवढंच.

आणि शेवटच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी विनायक भेटायला आला, तेव्हा तिने त्याच्या हातावर साखर ठेवली. म्हणाली, "त्याला सांग, आई वाट बघतेय. घरी घेऊन ये रे त्याला."

विनायक वाकून नमस्कार करत म्हणाला, "हो मावशी. घेऊन येतो."

किती साधेपणाने बोलला तो. आई नसलेला मुलगा होता, तिचं मन मोडवलं नसेल त्याला.

त्याच संध्याकाळी लढाई सुरू झाली. दुसरा दिवस, शनिवार. कलकत्त्यात काळोखाचा हुकूम होता. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावरचे दिवे बंद. ट्रामची घंटा नाही, रेडिओसुद्धा लोक कानाशी धरून ऐकत होते. गुरुदत्त सकाळीच धावपट्टीवर गेले होते.

दिवे लागायची वेळ झाली, पण दिवे लावायचे नव्हते. मी स्वयंपाकघरात कंदिलाला कागद गुंडाळत होते. आई बाहेरच्या खोलीत, दाराला पाठ लावून बसली होती.

तेवढ्यात जिन्यावर आवाज आला...

पायांचा नव्हता. धप्प. मग काहीतरी ओढल्यासारखं. पुन्हा धप्प.

कुणीतरी खूप जड, एकेक पायरी चढत होतं.

मी तिथेच खिळले. आवाज आमच्या दाराशी आला. थांबला.

सगळं शांत.

आणि मग...

टक्.

एकदाच.

आईने आतून दारावर दोनदा ठोकलं. टक् टक्. मग कडी निघाल्याचा आवाज.

"आलास? किती रे उशीर!"

मी "आई, नको!" म्हणून ओरडले. कंदील घेऊन धावले.

दार सताड उघडं होतं. आई उंबऱ्यात बसली होती आणि तिच्या मांडीवर ते डोकं होतं. गोल, कापडाचं. खाकी डांगरी घातलेलं ते अंग जिन्यावर आडवं पडलं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. कंदिलाच्या उजेडात मला पायऱ्या दिसल्या. प्रत्येक पायरीवर चिखलाचा ठसा होता. पावलांचा नाही. बोटं नाहीत, टाच नाही. नुसते गोल ठसे, पायांची टोकं शिवून टाकली तर उमटतील तसे.

आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "बोल ना रे. बोल की बाळा."

आणि मी पाहिलं... डोक्याच्या खालच्या बाजूला, जिथे माणसाला तोंड असतं तिथे...

कापड आत जात होतं. बाहेर येत होतं. आत. बाहेर.

आईने माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी कुठल्याही आईचा कधी पाहिलेला नाही, आणि देव करो कुणाला न दिसो.

"लीना... ह्याला काहीतरी सांगायचंय गं. मी ह्याला तोंडच शिवलं नाही."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "कात्री आण." मशीनच्या खणात कात्री होती. मी आणून दिली. का दिली ते विचारू नका, तो माझा भाऊ होता.

आईने ते कापड बोटांनी चाचपलं आणि कापलं.

वाळू आली.

शब्द नाही, श्वास नाही. नुसती वाळू. आईच्या ओंजळीत, तिच्या मांडीवर, उंबऱ्यावर. ती दोन्ही हातांनी अडवत होती, "थांब रे, थांब, जाऊ नकोस..." पण ती येतच राहिली, येतच राहिली, आणि डांगरी तिच्या मांडीवर हळूहळू चपटी होत गेली. शेवटी नुसते ओले कपडे उरले.

गुरुदत्त बऱ्याच उशिराने आले. वाळूत बसलेल्या आईला बघून तिथेच पायरीवर बसले.

नमुना दुपारीच पडला होता. दलदलीत. शेवटचा निरोप त्यांनी स्वतः ऐकला होता. विनायकचा आवाज अगदी आनंदात होता म्हणे. "आम्ही दोघं परत येतोय." त्यानंतर काही नाही. दुसऱ्या दिवशी विनायक सीटवरच सापडला, पट्ट्यात बांधलेला. मागच्या सीटचे पट्टेही तसेच आवळलेले होते.

आत काही नव्हतं. वाळूचा कणसुद्धा नाही.

विमान पडलं ती जागा आमच्या घरापासून मोटारीने अर्ध्या दिवसाची वाट.

लढाई संपली. त्या विमानाचं पुढे काहीच झालं नाही, काम बंद पडलं. गुरुदत्तांनी कागदावरची नोकरी मागून घेतली. विनायकचं नाव त्यांनी घरात पुन्हा कधी घेतलं नाही, पण दर वर्षी ४ डिसेंबरला ते जेवायचे नाहीत.

आणि आईने आपणहून सांगितलं, "गुरुजींना बोलवा."

निमतल्याच्या स्मशानघाटावर दर्भाचा पुतळा केला. त्यावर डांगरी घातली. गुरुदत्तांनी अग्नी दिला. सगळं नीट जळालं. ती वाळू गुरुदत्तांनी गंगेत सोडली. मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. म्हटलं, सुटला गं बाई माझा भाऊ.

घरी आलो. भर दुपार होती. सरलादींनी पाणी आणून दिलं होतं, आम्ही हातपाय धुऊन नुसते टेकलो होतो.

टक्.

दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर ओल्या वाळूची एक रेघ होती.

आई उठली. कुंचा आणला, वाळू भरली. मग तिथेच बसून म्हणाली, "दर्भ जळाला. कपडे जळाले. वाळू कुठे जळते?"

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. पुन्हा कधी "येईल तो" म्हणाली नाही. आवाज आला की नुसती उठायची, दारावर दोनदा ठोकायची आणि कुंचा घ्यायची. दोनदा ठोकलं की तो शांत व्हायचा, मग आठवडाभर काही नाही. गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. "त्याला उत्तर देत जा गं," एवढंच सांगून गेली.

मग गुरुदत्तही गेले. मी दोन घरं बदलली. आता तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे. काय उपयोग!

तो येतो.

मी उत्तर देते. आईने सांगितलं होतं म्हणून, न चुकता. दोनदा ठोकते. टक् टक्.

पण तो माझ्या उत्तराने थांबत नाही. थोडा वेळ जातो, आणि दाराच्या पलीकडून पुन्हा येतं...

टक्.

मी पुन्हा ठोकते. तो पुन्हा विचारतो. कधी कधी पहाटेपर्यंत हेच. मला कळायला फार वर्षं लागली. तो मला विचारतच नाहीये. तो आईला विचारतोय.

दार उघडून सांगायची हिंमत माझ्यात नाही. ओरडून सांगितलं, रडून सांगितलं, त्याला ऐकू जात नसावं. कान तरी कुठे शिवले होते? त्याला फक्त ठोकलेलं कळतं. एक म्हणजे, आहेस ना. दोन म्हणजे, आहे.

"नाही"ची खूण त्यांनी ठरवलीच नव्हती.